‘साइज निम्मी, क्वालिटी तीच’: त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

व्हिडिओ लहान करण्याबद्दलचा एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: फाइल एच.२६५ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत) बदला, साइज निम्मी होते आणि क्वालिटी कणभरही उतरत नाही. सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा; जितका लहान, तितका दर्जा चांगला) १८ ठेवा, फरक कुणालाच दिसत नाही. रिझोल्यूशनला हात लावू नका. शंका आली तर बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) वाढवा. यातला एकही सल्ला साफ खोटा नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

‘साइज निम्मी, क्वालिटी तीच.’ हा दावा हवेतून आलेला नाही. आधीचा कोडेक एच.२६४ आला २००३ मध्ये. त्याच्या निम्म्या बिटरेटवर तितकंच चांगलं चित्र द्यायचं, हे २०१३ मध्ये आलेल्या एच.२६५चं उद्दिष्टच होतं. माणसांना चित्र दाखवून घेतलेल्या चाचण्यांत सरासरी ५९ टक्के बचत निघाली. ४के चित्राला सुमारे ६४, तर ४८०पीला ५२. पण त्या चाचण्यांत दोन्ही एन्कोडरना (व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रॅमना) मूळ, न दाबलेलं चित्र दिलं होतं. आपल्या हातात असते ती आधीच दाबलेली फाइल. तिच्यातले चौकोनी ठोकळे, कडांभोवतीची वळवळ हा सगळा कचरा नव्या एन्कोडरला चित्राचाच भाग वाटतो. तो जपायला तो बिट खर्च करतो आणि वर स्वतःची झीज घालतो. पहिल्या वेळी गेलेला तपशील तर कुठलाच कोडेक परत आणत नाही.

मोबाइलवर स्वतः शूट केलेली फाइल मात्र वेगळी. तिथल्या चिपला प्रत्येक फ्रेम जागच्या जागी उरकायची असते, बारकाईने शोधाशोध करायला सवड नसते, म्हणून बिटरेट सढळ ठेवलेला असतो. अशी फाइल कॉम्प्युटरवर ‘स्लो’ प्रीसेटने (जास्त वेळ घेऊन बारकाईने दाबणाऱ्या तयार सेटिंगने) एन्कोड केली, तर खरोखर बरीच लहान होते. नेटवरून उतरवलेल्या, दोन-तीनदा दाबून झालेल्या क्लिपकडून ती अपेक्षा ठेवू नये.

‘सीआरएफ १८.’ कुठल्या एन्कोडरचं १८? एच.२६४च्या एक्स२६४ या एन्कोडरचं डिफॉल्ट २३, एच.२६५च्या एक्स२६५चं २८, आणि एव्ही१ या आणखी एका कोडेकच्या एन्कोडरमध्ये तर पट्टीच ६३ पर्यंत जाते. एकाचा आकडा दुसऱ्यात उचलून टाकण्यात अर्थ नाही. शिवाय सीआरएफ म्हणजे ‘दर्जा साधारण एवढा राख, साइज होईल ती होऊ दे’. रात्री शूट केलेल्या, दाणेदार चित्राला एक्स२६४मध्ये १८ दिलं, तर नवी फाइल जुनीपेक्षा मोठी होऊ शकते, कारण दाणे हा दर फ्रेमला बदलणारा गोंधळ असतो आणि मागच्या फ्रेमवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. स्थिर स्लाइडच्या लेक्चरला मात्र २६ सुद्धा खपून जातं.

‘रिझोल्यूशनला हात लावू नका.’ इथे सरळ हिशोब करावा. १० मिनिटांचा व्हिडिओ २५ एमबीत बसवायचा आहे. २५ एमबी म्हणजे २०० मेगाबिट. ६०० सेकंदांनी भागले की सेकंदाला ३३३ किलोबिट. आवाजाला ६४ दिले, चित्राला उरले जेमतेम २७०. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये २० लाखांहून जास्त पिक्सेल असतात. एवढ्या बिटांत हलतं चित्र ठोकळ्यांनी भरून जाणार. तेच बिट ४८०पीला द्या. चित्र थोडं मऊ दिसेल, पण स्वच्छ. अशी ठरावीक साइज गाठायची असेल तेव्हा सीआरएफ सोडून टू-पास वापरावा, म्हणजे एन्कोडर आधी पूर्ण व्हिडिओ तपासतो आणि मग दुसऱ्या फेरीत बिट वाटतो.

‘बिटरेट वाढवा.’ वाढवून फायदा होतो तो एका मर्यादेपर्यंतच. नेटफ्लिक्स पूर्वी १०८०पीला सरसकट सेकंदाला ५८०० किलोबिट देत असे. साध्या कार्टूनला एवढे लागत नाहीत आणि दाणेदार चित्रपटाला तेवढेही अपुरे पडतात, म्हणून २०१५ मध्ये त्यांनी प्रत्येक शीर्षकासाठी वेगळं गणित मांडायला घेतलं.

तेच आपणही करावं. सगळ्यात अवघड भागातले ३० सेकंद कापून घ्या: अंधार, धूर, पाणी, उडते केस, जोरात फिरणारा कॅमेरा. दोन-तीन सीआरएफवर ते एन्कोड करा आणि मोठ्या स्क्रीनवर मूळ चित्राशेजारी ठेवून पाहा. अंधाऱ्या आकाशात पट्टे दिसले तर १०-बिट एन्कोडिंग (रंगांच्या जास्त बारीक छटा ठेवणारं) लावून बघा. जो आकडा इथे चालेल, तो त्या व्हिडिओच्या बाकी भागातही बहुधा चालेल.