वाघ मोजायचे कशाला? ब्रह्मपुरीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

व्याघ्रगणनेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २००२ मध्ये देशात ३,६४२ वाघ होते आणि २०२२ मध्ये ३,६८२, म्हणजे वीस वर्षं आणि कोट्यवधी रुपये घालून वाढले फक्त चाळीस. त्यातही एप्रिल २०२३ मध्ये ३,१६७ सांगितले आणि जुलैत ३,६८२. तीन महिन्यांत पाचशे वाघ आले कुठून? पूर्वीचा वनरक्षक ठसा पाहून वाघ ओळखायचा, आता संगणक आकडा काढतो. आणि शेवटचं वाक्य, "तुम्ही वाघ मोजत बसा, आमच्याकडं जंगलात गेलेली बाई घरी येईल की नाही ते कोण सांगणार?"

त्या शेवटच्या वाक्यासाठीच हे उत्तर लांबलं आहे. पण त्याच्याकडे जाण्याआधी बाकीचे मुद्दे घ्यायला हवेत, कारण त्यांचा त्या वाक्याशी थेट संबंध आहे.

३,६४२ हा आकडा ठशांवरून काढलेला होता. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी साठच्या दशकात ही पद्धत बसवली. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत तिच्यावरून १,८२७ वाघ निघाले आणि पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या दिवसांत सगळ्या वनरक्षकांनी आपापल्या बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या भागात, फिरायचं, वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा स्वच्छ ठसा शोधायचा, त्यावर काच धरून कडा उतरवून घ्यायची, जमलं तर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा. मग सगळे ठसे एकत्र मांडून हा एक वाघ, हा दुसरा, असं ठरवायचं.

वनरक्षकाच्या नजरेबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. वाटेवरच्या ठशावरून ही आपल्या बीटातली वाघीण आहे आणि ती पहाटे इथून गेली, हे बिनचूक सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. अडचण त्यांच्या नजरेची नव्हती. त्याच वाघाचा तोच पाय बारीक धुळीत एक आकार सोडतो, ओल्या रेतीत दुसरा, चिखलात तिसरा आणि मुरमाड जमिनीवर काहीच सोडत नाही. किती वाघांचे ठसे सापडलेच नाहीत, हे कळायची काही सोय त्या पद्धतीत नव्हती. शिवाय आकडा घटला तर जाब विचारला जाणार तो त्याच वनरक्षकाला आणि त्याच्या साहेबाला. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ या त्रुटी ऐंशीच्या दशकापासून मांडत होते. सरकारी यंत्रणेनं ते मनावर घेतलं सरिस्कानंतर.

राजस्थानातल्या सरिस्कात कागदोपत्री वाघ होते. २००५ उजाडलं तेव्हा शोधूनही एक सापडेना. शिकाऱ्यांनी सगळे मारून नेले होते आणि वार्षिक आकडे मात्र जागच्या जागी होते. पर्यावरणतज्ज्ञ सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं गेलं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झालं आणि मोजायची पद्धतच बदलली. नव्या पद्धतीच्या २००६ च्या पाहणीचा आकडा २००८ मध्ये जाहीर झाला: १,४११. एवढा पडलेला आकडा देशासमोर ठेवायला हिंमत लागली असणार, आणि मला तो त्या सगळ्या काळातला सर्वांत मोलाचा आकडा वाटतो.

म्हणून ३,६८२ मधून ३,६४२ वजा करता येत नाहीत. दोन्ही वेगळ्या गजानं मोजलेले आहेत. तुलना करायचीच तर १,४११ पासून पुढे करा: २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७, २०२२ मध्ये ३,६८२. आपल्या महाराष्ट्राचे २००६ मध्ये १०३ आणि २०२२ मध्ये ४४४. इथंही सावध राहायला हवं, कारण दर वेळी पाहणीचं क्षेत्र आणि कॅमेरे वाढत गेले आहेत. वाढ खरी आहे असं माझं ठाम मत आहे. ती या आकड्यांत दिसते तेवढ्याच वेगानं झाली असेल, असं मी म्हणणार नाही.

आता संगणक. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि वाघाची ये-जा असलेल्या वाटेवर दोन्ही बाजूंनी एकेक कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात. एकाच बाजूचा फोटो असेल तर दोन फोटो एका वाघाचे की दोघांचे, हा घोळ राहतो. कॅमेऱ्यासमोरचं गवत कापतात, नाहीतर वाऱ्यानं हललेल्या काडीचेच शेकडो फोटो निघतात. मग एक जण चक्क रांगत समोरून जातो आणि फोटो आला का ते बघतात. संगणक नंतर येतो, पट्टे जुळवायला. २०२२ च्या पाहणीत ३२,५८८ जागी कॅमेरे होते आणि वाघाचे ९७,३९९ फोटो मिळाले. त्यांतून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले. म्हणजे जाहीर झालेल्या सरासरी आकड्यातल्या दर सहा वाघांपैकी पाचांचा फोटो आहे. संगणकानं हवेतून वाघ काढलेले नाहीत.

उरलेला सहावा कुठून आला, हा खरा प्रश्न आहे. समजा, एका जंगलात पहिल्या पंधरवड्यात वीस वाघ टिपले. दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा वीस टिपले आणि त्यांतले सोळा आधीचेच निघाले. म्हणजे पहिल्या खेपेच्या दर पाचांपैकी चार परत सापडले. याचा अर्थ, एका खेपेत आपल्याला साधारण ऐंशी टक्के वाघ दिसतात, तर एकूण पंचवीसच्या आसपास असावेत. प्रत्यक्ष ओळखले चोवीस, अंदाज पंचवीस. पण दुसऱ्या खेपेला त्या विसांत ओळखीचे पाचच निघाले असते, तर त्याच हिशेबानं अंदाज ऐंशीवर गेला असता आणि त्याच्या खरेपणाची खात्री खूप कमी झाली असती. प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं असतं, कुठला वाघ कुठे टिपला तेही त्यात धरतात, पण गाभा हाच. न दिसलेल्या वाघांचा विचार करणारी ही पद्धत आहे. ठशांच्या पद्धतीत नेमका तोच नव्हता.

तीन महिन्यांत पाचशे वाघ आलेच नव्हते. एप्रिलमध्ये म्हैसूरला जाहीर झालं ते "किमान ३,१६७". जुलैपर्यंत कॅमेरे न लावलेल्या जंगलांचाही हिशेब पूर्ण झाला आणि आकडा आला ३,१६७ ते ३,९२५, सरासरी ३,६८२. बातम्यांनी किमान ते कमाल हा पल्ला गाळला आणि मधला आकडा तेवढा छापला. तुमचा गोंधळ तिथून आला, आणि त्यात तुमचा दोष नाही. तो पल्लाच या आकड्याचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे.

तुमचा संशय जिथं योग्य ठिकाणी लागतो, ती जागा वेगळी आहे. कॅमेरे नसलेल्या जंगलात ठसे, विष्ठा, ओरखडे यांच्या नोंदींवरून वाघांची घनता ताडतात. हे किती भरवशाचं, यावर २०१५ मध्ये शास्त्रज्ञ अर्जुन गोपालस्वामी, कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर आक्षेप घेतले. त्यावर वाद झाला आणि तो मिटलेला नाही. कॅमेऱ्यांची मूळ माहिती स्वतंत्र शास्त्रज्ञांना तपासायला खुली असती, तर हा वाद अधिक लवकर पुढे सरकला असता. वाघाची नेमकी जागा शिकाऱ्याला कळू नये हे मान्य, पण तेवढी झाकून बाकीचं देता येतं.

बिबट्याची स्थिती तर याहून वाईट. २०२२ चा अंदाज देशात १३,८७४, महाराष्ट्रात १,९८५. हा मुख्यतः वाघांच्या राज्यांतल्या जंगलांचा आकडा आहे. जुन्नर, शिरूर, अकोले, संगमनेरच्या उसात जन्मून उसातच वाढलेला बिबट्या त्यात येत नाही. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे निघाले, तेही दर चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं राहतात अशा मुलखात. न मोजता उपाय केले की काय होतं, हेही जुन्नरनं पाहिलंय. सापडेल तो बिबट्या पिंजऱ्यात धरायचा आणि दुसरीकडे सोडायचा, असं २००१ पासून झालं, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारांवरून सतरावर गेले.

आता तुमचं वाक्य. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक वाघिणीनं मारली. ती २०२२ च्या व्याघ्रगणनेसाठीच वाघाच्या खुणा नोंदवत पायी चालली होती. या बायांच्या घरच्यांना वाघ वाढल्याचा आकडा सांगण्यात काहीच अर्थ नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण याच नोंदींचा दुसरा उपयोग तुमच्या भागानंच पाहिलाय. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्यात मिळून तेरा माणसं मारणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात बेशुद्ध करून पकडला, तो पट्ट्यांवरून तोच आहे हे माहीत होतं म्हणून. ती ओळख नसती, तर पहिला समोर आलेला वाघ धरला असता आणि मारणारा मोकळा राहिला असता. ब्रह्मपुरी वनविभाग व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर आहे, वाघ मात्र तिथं भरपूर आहेत. दर चार वर्षांनी दिल्लीत आकडा जाहीर होणं तुमच्या कामाचं नाही. पिल्लं घेऊन कुठली वाघीण जंगलाच्या कुठल्या कक्षात (क्रमांक दिलेल्या तुकड्यात) बसली आहे, हे मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचा हंगाम लागायच्या आत गावाला कळणं कामाचं आहे. कॅमेऱ्यात ते दिसतं. गावापर्यंत वेळेत पोचत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

म्हणून माझं मागणं आहे: प्रकल्पाबाहेरच्या वनविभागांतही कॅमेऱ्यांची पाहणी दरवर्षी व्हावी, आणि तिचा गावापुरता निष्कर्ष वनरक्षकानं हंगामाआधी ग्रामसभेत वाचून दाखवावा. ठराव ग्रामसभेनं केला तर त्याला वजन येतं. तुमच्या गावाची तयारी असेल तर खाली कळवा, ठरावाचा आणि उपवनसंरक्षकांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करून देते. ग्रामसभेची तारीख आणि तुमच्या शिवाराला लागून असलेल्या कक्षांचे क्रमांक तेवढे पाठवा.