ड्रमला सूर नसतो, म्हणून तो लावायचाच नाही?

मास्तर, नमस्कार.

ड्रम सेटचा आवाज सुधारण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. सहीच्या जागी तुम्ही फक्त ‘फोंडा तालुक्यातला एक तबला शिक्षक’ असं लिहिलंय, म्हणून मास्तर म्हणतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रमला मुळात सूर नसतो, त्यामुळे किल्ली (ड्रमचा ताण बदलायचं अवजार) घेऊन तो तासभर पिळत बसणं हा देखावा आहे. देवळातल्या उत्सवात ड्रम नुसता खणखणतो आणि गाणाऱ्याला गिळतो, त्यावर कापड आणि चिकटपट्टी एवढाच इलाज. आणि आपल्या पावसात काहीच टिकत नाही, तेव्हा गावच्या मंडळांनी सरळ इलेक्ट्रॉनिक पॅड घ्यावेत.

पहिल्या मुद्द्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. सगळीकडे सारख्या जाडीचा गोल पडदा ताणून वाजवला, तर मूळ स्वराच्या वरचे स्वर साधारण १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. तंबोऱ्याच्या तारेत ते २, ३, ४ पट असे ओळीने येतात, म्हणून कानाला एकच स्वच्छ सूर ऐकू येतो. तबल्याला ही ओळ मधल्या काळ्या शाईमुळे मिळते. मधल्या त्या वजनाने वरचे स्वर जागेवर येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडलं आणि १९३४ मध्ये त्यावर आणखी विस्ताराने लिहिलं. ड्रमच्या स्किनला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, शाई नाही. काही स्किनच्या मध्यावर काळा ठिपका असतो आणि तो बघून तबल्याची आठवण येते खरी, पण तो स्किन टिकावी आणि वरचे स्वर थोडे दबावेत म्हणून असतो. शाईचं काम त्याच्याकडून होत नाही. तेव्हा ड्रम काळी चारमध्ये मिळवून द्या असं कोणी म्हणालं, तर मीही हात जोडेन.

पण यावरून ड्रम लावायची गरजच नाही असं ठरत नाही. तुम्ही हातोडी घेऊन गजऱ्यावर (कडेच्या वेणीवर) सोळा घरं का मिळवता? एक घर उतरलेलं असेल तर तबला बोलत नाही म्हणूनच ना? ड्रमलाही तेच लागू आहे. स्किनचा ताण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असला की एकच कंपन दोन जवळजवळच्या स्वरांत फुटतं, ते एकमेकांवर आदळतात आणि आवाजात ‘वँव-वँव’ अशी लाट येते. तुम्ही ज्याला खणखणाट म्हणता, त्यातला मोठा भाग ही लाट असते. उत्सवात सेट येतो तो बहुधा टेम्पोतून उतरवलेला, वर्षभर किल्ली न लागलेला. त्याच्या प्रत्येक रॉडपाशी (स्किन ताणणाऱ्या कडेच्या स्क्रूपाशी) काठीचं टोक हलकेच टेकवून ऐका, सहा रॉडवर सहा वेगळे स्वर मिळतील. असा डग्गा तुम्ही शिष्याला हातात तरी घेऊ द्याल का?

आता माझ्या लेखातली जी गोष्ट तुम्ही एका वाक्यात उडवून लावलीत, तिच्याकडे येतो. ‘खालच्या स्किनला कोण वाजवतो?’ असं तुम्ही विचारलंत. मला सांगायचं होतं ते सगळं याच प्रश्नात आहे. खालची स्किन कोणी वाजवत नाही, तरी टॉमचा (सेटमधल्या, वर-खाली दोन्हीकडे स्किन असलेल्या ड्रमचा) आवाज किती वेळ टिकणार, कुठे वळणार, हे बरंचसं तीच ठरवते.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती ऐकताना वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघा. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडाला कातडं असतं, त्यावर उजवा हात चालतो. लहान तोंड उघडं असतं. डावा हात त्या उघड्या तोंडावर येतो-जातो, आणि कातड्याचा ताण तसूभरही न बदलता घुमटाचा आवाज खाली उतरतो, वर येतो, गुदमरतो, मोकळा होतो. पलीकडच्या तोंडापाशी हवेचं काय होतं, त्यावर अलीकडचा आवाज अवलंबून असतो. टॉममध्ये त्या हाताच्या जागी खालची स्किन आहे. दोन्ही स्किनमध्ये हवा कोंडलेली असते, वरची हलली की खालची हलते, ती उलट वरचीला हलवते. दोघींचा ताण जुळला तर आस (ठोक्यानंतर मागे रेंगाळणारा आवाज) लांबते. खालची थोडी चढी ठेवली तर आवाज लवकर आवरतो आणि ठोका उठून दिसतो. खालची ढिली, फाटकी किंवा मुळात काढूनच टाकलेली असेल, तर वर कितीही महागडी स्किन लावा, आवाज चपटाच येणार. मी पाहिलेल्या बहुतेक गावच्या सेटांत वरची स्किन कधीतरी बदललेली असते. खालची कारखान्यातून आली तीच असते, धुळीने पिवळी पडलेली.

म्हणून सुरुवात खालून करा. टॉमच्या दोन्ही स्किन काढा. लाकडी नळीची कड कोरड्या फडक्याने पुसा आणि नळी सपाट कडाप्प्यावर किंवा जाड काचेवर उलटी ठेवून आत मोबाइलचा दिवा लावा. खालून कुठे उजेड झिरपत असेल तर तिथे कड बसलेली किंवा खाल्लेली आहे, आणि तो दोष किल्लीने कधीच जाणार नाही. सुतार नव्हे, हे काम जाणणारा माणूस शोधावा लागेल. कड ठीक असेल तर खालची स्किन बसवा, सगळे रॉड आधी बोटांनीच घट्ट करा. मग किल्ली घेऊन एका रॉडला अर्धा फेरा, लगेच त्याच्या समोरच्या रॉडला अर्धा, असं समोरासमोर जात राहा. सुरकुत्या गेल्या की फेरा पाव करा. मधोमध तळहाताने एकदा दाबून स्किनला बसू द्या. त्यानंतर कडेपासून दोन बोटं आत, प्रत्येक रॉडपाशी टिचकी मारत स्वर मिळवत चला. कान तुमचाच, काम तुमचंच, फक्त हातोडीच्या जागी किल्ली. एक गोष्ट मात्र तबल्याहून वेगळी आहे: स्वर उतरवताना रॉड नेमक्या जागी आणून सोडू नका, थोडा जास्त उतरवून मग चढवत जागेवर आणा, नाहीतर चार ठोक्यांत तो आणखी सरकतो.

वरची स्किन याच रीतीने. माझी पसंती अशी: खालची वरचीपेक्षा किंचित चढी. देवळाच्या सभामंडपात चिऱ्याच्या भिंती, खाली फरशी, वर मंगळुरी कौलं किंवा पत्रा, त्यात आवाज आधीच पुष्कळ वेळ फिरत राहतो. तिथे लांब आस नकोच. लहान टॉम आणि मधला टॉम यांच्यात सा ते म एवढं अंतर ठेवा, मधल्यापासून फ्लोअर टॉमपर्यंत (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमपर्यंत) पुन्हा तेवढंच. सूर तबल्याइतका पक्का नसला तरी हे अंतर कानाला कळतं आणि उतरता फेरा वाजवला की तो बोलल्यासारखा वाटतो.

स्नेअरचं, म्हणजे खालच्या स्किनला तारा असलेल्या ड्रमचं, थोडं निराळं. त्याची खालची स्किन फार पातळ असते, बहुधा ३ मिलची, म्हणजे मिलिमीटरच्या तेराव्या भागाएवढी, आणि ती चांगली ताणलेली हवी. तारा मात्र कमी घट्ट ठेवा. बहुतेक जण उलट करतात: आवाज बारीक वाटला की तारा पिळतात, तारा स्किनला दाबून धरतात आणि आवाज आणखी बारीक होतो. टॉम वाजवला की स्नेअर आपोआप खरखरतो, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. टॉमचा स्वर स्नेअरच्या स्वराशी जुळून आला की तसं होतं. टॉम थोडा वर किंवा खाली घेतला की खरखर बरीच कमी होते. पूर्ण जात नाही, आणि थोडी राहिली तर बिघडत नाही. भजनाच्या वेळी स्नेअरची गरज नसेल तेव्हा तारांचा खटका पाडून ठेवावा, एवढं भान ड्रमरला असायला हवं.

चिकटपट्टीच्या मी विरोधात नाही. ती आधी लावू नये, एवढंच माझं म्हणणं. न लावलेल्या ड्रमवर पट्ट्या चिकटवल्या की लाट दबते, पण तिच्याबरोबर ठोक्याचा जीवही जातो. मागे उरतो पुठ्ठ्याचा आवाज. ड्रमरच्या स्टुलावर बसून जो झणकार ऐकू येतो, त्यातला बराचसा पंधरा-वीस हात लांब बसलेल्या माणसापर्यंत पोचतच नाही, पेटी आणि बेस गिटारच्या आवाजात तो मिसळून जातो. म्हणून कोणाला तरी वाजवायला बसवा, स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन ऐका, आणि तिथेही झणकार खुपला तरच कडेपाशी दोन बोटांएवढी पट्टी लावा. बेस ड्रममध्ये आख्खी उशी कोंबतात, तेही नको. घडी केलेला टॉवेल दोन्ही स्किनना जेमतेम टेकेल असा ठेवला तरी पुरे होतो.

गायकाला ड्रम गिळतो, हा तुमचा सगळ्यात खरा मुद्दा. तिथे किल्ली फारशी उपयोगाची नाही, तिथे मांडणी बदलावी लागते. गाणारा प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो, माइकचं तोंड गाणाऱ्याकडे, आणि त्याच्या बरोबर पाठीमागे ड्रमर. म्हणजे माइकचं तोंड ड्रमकडेही झालं. साध्या कार्डिऑइड माइकला समोरचं सगळं पूर्ण ऐकू येतं, काटकोनातलं ६ डेसिबलने कमी, आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. सेट गाणाऱ्याच्या मागून काढून बाजूला नेला, तर त्या माइकमध्ये शिरणारा सिंबलचा (झांजेसारख्या थाळ्यांचा) आवाज तिथेच कमी होतो. ध्वनिव्यवस्थेवाल्याला एक पैसा जास्त द्यावा लागत नाही. सेट कोपऱ्यातही ठेवू नका, दोन भिंती मिळून खर्जाचे स्वर फुगवतात. खाली सतरंजी घाला.

आणि उरलेलं हाताचं काम आहे. आपल्याकडच्या कितीतरी ड्रमरांना दणका शिकवला जातो, हळू वाजवणं कोणी शिकवत नाही. तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) बँडमध्ये वाजवणारे जुने लोक बघा. कांताराच्या (त्यातल्या गाण्याच्या) मागे ते असे वाजवतात की शब्दन्‌शब्द ऐकू येतो आणि टाळी पडली की तोच सेट गरजतो. बारीक काठ्या, सिंबलला काठीच्या टोकाचा स्पर्श, बेसचा पाय हलका. मराठी नाट्यसंगीताबरोबर ड्रम वाजवायचा असेल तर हा धडा पहिला. तबल्याच्या मास्तरांनी ड्रमच्या पोरांना दोन महिने शेजारी बसवून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण गाणाऱ्याची जागा सोडून वाजवणं त्यांना तुमच्याकडेच शिकायला मिळेल.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात कातड्याच्या वाद्याचे काय हाल होतात ते तुम्ही रोज बघता. घुमटही आरतीच्या आधी उन्हात किंवा शेकावर धरावं लागतं. ड्रमलाही एके काळी वासराचं कातडं असायचं, दमट हवेत ते सैल पडू नये म्हणून ड्रमर बेस ड्रमच्या आत दिवा लावून ठेवत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरची स्किन आली आणि तो प्रश्न सुटला. ही स्किन पाणी जवळजवळ पीत नाही. आपल्या हवेत सेटचं वाटोळं होतं ते गंजाने: रॉड, रिम, स्नेअरच्या तारा, पेडलची स्प्रिंग. मे संपायच्या आत रॉड एकेक करून काढावेत, पुसावेत, आट्यांना पेट्रोलियम जेलीचं बोट लावून परत बसवावेत. सेट सिमेंटच्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा, भिंतीपासून लांब. ओल्या पिशवीत बंद करून देवळाच्या कोठीत टाकला तर ऑगस्टमध्ये रॉड फिरणारच नाही, आणि मग दोष हवामानाला देता येणार नाही.

इलेक्ट्रॉनिक पॅड वाईट नाहीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला सरावासाठी मी तेच सुचवेन. पण उत्सवाच्या मंचावर त्यांचा आवाज सगळा भोंग्यातून येतो, आणि गावच्या भोंग्यांची तब्येत आपण दोघेही जाणतो. शिवाय पावसात वीज गेली की पॅड मुके. ओलीचा त्रास त्यांनाही आहेच, आणि आतलं सर्किट बिघडलं तर ते फडक्याने आणि जेलीने दुरुस्त होत नाही. मंडळाकडे लाकडी सेट आधीच असेल तर पाचही ड्रमना नवी स्किन घालण्याचा खर्च चांगल्या पॅडच्या किमतीच्या आसपासही जात नाही.

तुमच्या मंडळाचा सेट कुठल्या मापाचा आहे ते कळवाल का? बेस २२ इंची की २०, लहान टॉम १० की १२, आणि प्रत्येक ड्रमला रॉड किती. खालच्या स्किन जागेवर आहेत का, तेही बघा. चवथीला अजून वेळ आहे, माप कळलं की कोणत्या स्किन मागवाव्यात ते इथेच लिहितो.