फिक्स-ब्रोकन म्हणे! नक्की काय फिक्स करतंय लगा?

कुणी ठरवलं हे की उबंटू या लिनक्स सिस्टीमची फिक्स-ब्रोकन कमांड, अर्धवट इन्स्टॉल झालेलं दुरुस्त करणारी, म्हणजे मी आत्ताच टाकलेलं सॉफ्टवेअर उचलून बाहेर फेकायचं? उद्यमनगरात मित्राच्या फाउंड्रीत वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बसवायचंय, उबंटू २२.०४ वर, एवढंच काम. कंपनीनं डेब फाइल, म्हणजे उबंटूची इन्स्टॉलर फाइल, दिली, डबल क्लिक केलं की झालं म्हणाले. झालं कुठलं! डीपीकेजी या कमांडनं टाकली तर म्हणतंय लिबएसएसएल१.१ ही लायब्ररी पाहिजे, एपीटीला, म्हणजे नेटवरनं पॅकेज आणून देणाऱ्या कमांडला, मागितलं तर त्याच्याकडं ते नाही, मग तेच एपीटी सांगतंय फिक्स-ब्रोकन चालवा, चालवलं, तर पठ्ठ्या लायब्ररी आणायची सोडून पॅकेजच काढू का म्हणून विचारतोय. आयला, ताट कमी पडलं म्हणून पाहुणाच हाकलायचा? तिकडं काट्यावर ट्रक उभा, मित्र मागनं "झालं काय रं?" करतोय.

उबंटूवर माझा राग नाही. ती लायब्ररी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची, २२.०४ पासून त्यांनी ओपनएसएसएल ३ घेतलं, १.१ काढलं, आणि १.१.१ चा सपोर्ट तर सप्टेंबर २०२३ लाच संपलाय, सिक्युरिटीची जुनी लायब्ररी कोण किती दिवस सांभाळणार. राग आहे तो ही डेब बनवणाऱ्यांवर. कधीतरी २०.०४ या जुन्या उबंटूवर बिल्ड केली आणि तीच अजून वाटत सुटलेत. एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, पैसे मात्र दरवर्षी. सपोर्टला फोन लावला तर म्हणे, "सर, २०.०४ टाका ना." अहो, त्याचा स्टँडर्ड सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला की! दुसरा म्हणतोय त्या १.१ लायब्ररीची जुनी डेब शोधून हातानं टाका. चालतंय ते, माहितीय मला, दोन्ही व्हर्जन शेजारीशेजारी बसतात, पण उद्या त्यात भोक सापडलं तर अपडेट कोण देणार, तुझा काका?

माझ्या लॅपटॉपवर २४.०४ आहे, तिथं दुसरीच तऱ्हा. लिबअसाउंड२ ही आवाजाची लायब्ररी मागितली तर म्हणतंय ते व्हर्च्युअल पॅकेज आहे, म्हणजे नुसतं नावापुरतं, नाव तुम्हीच निवडा. खरं नाव आता लिबअसाउंड२टी६४, कशामुळं, तर ३२ बिटवर २०३८ साली तारखा गंडणार म्हणून. माझं मशीन ६४ बिट, त्याला तो प्रॉब्लेमच नाही, तरी नाव बदललंच! बरं बदला, एररमध्ये दोन नावं समोर टाकण्यापेक्षा 'हे घ्या' असं एकच नाव सांगा की.

आणि कंपनीवाल्यांनो, ओपनएसएसएल ३ २०२१ मध्ये आलंय. कोडात थोडंफार बदलावं लागत असेल तर बदला, पण नवीन बिल्ड द्या, आणि ते जमत नसेल तर कोटेशनवरच लिहा कुठल्या उबंटूवर चालतंय ते, म्हणजे माणूस दुसऱ्याकडनं काटा घेईल.