मचाणावरची रात्र पिकनिक नाही हो

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जी प्राणीगणना करतात, तिला तुमच्या लेखात सरळ 'हौशी लोकांची पिकनिक' म्हटलंय ते अर्धंच पटलं. मी मेळघाटात दोनदा बसलोय मचाणावर, दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, बोलायचं नाही, फोन सायलेंट, अत्तर-बित्तर लावायचं नाही, आणि वैशाखातलं ऊन म्हणजे पाण्याची बाटली पण चहासारखी गरम होते. पहिल्या वर्षी माझ्या फॉर्मवर काय होतं, तर चितळं, रानडुकरं, एक सांबर आणि पहाटे पहाटे अस्वल. वाघ नाही. सोबतचे वनरक्षक दादा हसत होते माझ्याकडे बघून 😄

आता मुद्दा हा की या आकड्यावरून वाघ किती ते ठरत नाही, हे खरंच आहे, तेच सांबर रात्रीत दोन पाणवठ्यांवर गेलं तर दोनदा मोजलं जाणार ना. म्हणून तर वाघांसाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात त्यावरून ओळख पटते. पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजायचे, ते राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचं 2005 मध्ये उघड झाल्यावर मागे पडलं. पण चितळाला कुठे ओळखणार कॅमेऱ्यात? तिथे अजूनही ठरलेल्या 2 किमी रेषेवर सकाळी चालत जाऊन दिसलेला प्रत्येक कळप, अंतर, दिशा लिहावी लागते.

बाकी मचाणासाठी जे पैसे घेतात त्यावर लिहा की एकदा, ते जास्तच होतंय.