‘सुई लागली की गाठ चवताळते’ म्हणणाऱ्यांना

आमच्या नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर आठवडाभरात तीनदा आला. आधी चोपड्याहून, मग शहाद्याहून, शेवटी सुरतेच्या चुलत्यांकडून. मजकूर थोडक्यात असा : कॅन्सर हा रोग नसून धंदा आहे. तपासणीसाठी सुई टोचली की गाठ चवताळते. लस मुलींना वांझ करते. तंबाखू खाणारे नव्वदी गाठतात. साखर सोडा, जर्दाळूच्या बिया खा. आणि टाटाला गेलेला माणूस परत येत नाही.

सुईपासून सुरू करतो, कारण ती आमच्या घरात शिरली होती. चुलत बहीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा तिला छातीत गाठ लागली होती. असाच एक मजकूर वाचून काकूंनी तपासणी थांबवली. पोळा झाल्यावर दवाखाना गाठला. तोवर गाठ काखेत उतरली होती. तेव्हा सुई लागलीच नव्हती. गाठ आपली आपणच वाढत होती. सुईच्या वाटेने पेशी सांडणं काही थोड्या प्रकारच्या गाठींत घडतं, तेही विरळ, म्हणून डॉक्टर वाट ठरवूनच सुई घालतात. गाठ कोणत्या जातीची हे न कळता औषध कोणतं देणार? उशिरा गेलेला माणूस दगावला की खापर मात्र सुईवर फुटतं.

आता धंदा. औषधं महाग आहेत, कंपन्या नफा कमावतात, हे खरंच. त्यावर मी भांडत नाही. पण संशोधन म्हणजे तेवढंच, हे साफ खोटं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना महिनाभर शिकवलं आणि हातात दिलं काय, तर पातळ व्हिनेगर. गर्भाशयाच्या मुखाला ते लावलं की बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी दिसते. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. व्हिनेगर विकून कोणती कंपनी गब्बर झाली?

उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या ४९७ खेड्यांत याच कॅन्सरवर १,३१,७४६ बायकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले. तिथे व्हिनेगरचा गुण मात्र तसा ठळक दिसला नाही, आणि संशोधकांनी तेही छापलं. माल खपवायला निघालेला माणूस असं छापत नसतो. २०२३ मध्ये आणखी एक : स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती बधिर करायचं साधं औषध टोचलं. दात काढताना देतात ना, तेच. १,५८३ बायका होत्या. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं.

लस, म्हणजे याच एचपीव्हीविरुद्ध मुलींना देतात ती. २००९ मध्ये भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक केंद्र. २०१० मध्ये सरकारी आदेशाने लसीकरण थांबलं आणि हजारो मुलींचा एकच डोस झाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एका डोसनेही भक्कम संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल म्हटलं, त्यामागे हा पुरावा होता. वांझपणाचा पुरावा कुठल्याच अभ्यासात नाही.

तंबाखूवर आमचे एक आजोबा अहिराणीत ठणकावतात, ‘‘नही खातस त्या बी मरतसच ना भो!’’ मरतात, आजोबा. पण पारावर बसलेला नव्वदीचा म्हातारा दिसतो. पन्नाशीत जबडा काढून गेलेला पारावर बसायला उरत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणे; टपरीवाल्याला विचारा. आणि मिसरी लावणाऱ्या आज्या स्वतःला यात धरतच नाहीत.

जर्दाळूच्या बियांचा अर्क अमेरिकेत १७८ रुग्णांना देऊन पाहिला, निकाल १९८२ मध्ये आला : गुण शून्य, काहींच्या रक्तात सायनाइड. साखर सोडलीत तरी शरीर भाकरीतूनच साखर करतं.

राहिलं ‘परत येत नाही’. येतात, पण आल्यावर त्यांच्याकडे कोण बघतं? तोंडाच्या ऑपरेशन-शेकानंतर (शेक म्हणजे रेडिएशन) जबडा आखडतो, कळण्याची भाकरी वरणात कुस्करून गिळावी लागते. जबड्याचे व्यायाम रोज करायचे असतात, ते कोणी घरी करवून घेत नाही. उपचारानंतरचं जगणं हाही आता संशोधनाचा विषय आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा अभ्यास २०२५ मध्ये आला : उपचारांनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत पाच वर्षांनी रोगमुक्त ८०.३ टक्के, नुसती माहिती मिळालेल्यांत ७३.९.

बहीण यंदाही आखाजीला आली. काखेतल्या गाठी काढल्यामुळे तो हात सुजतो, म्हणून झोक्यावर बसली, पण दोरी एकाच हाताने धरली. काकू मागून झोका देत होत्या. पुढची तपासणी श्रावणात आहे. भुसावळहून रात्रीच्या गाडीचं तिकीट काकूंनीच काढायला लावलं.