थोरला, धाकटा आणि मामा

'जुलैत गोव्याला? मजा आहे बुवा!' ऑफिसातल्या प्रत्येकाने हे एकदा तरी म्हटलं. बहिणीला जुळी झालीत, ती माहेरी फोंड्याला आहे, आईच्या कंबरेने संप पुकारलाय म्हणून आठ दिवस मदतीला चाललोय, असं मी प्रत्येकाला सांगितलं. ऐकून घेताना सगळ्यांच्या डोळ्यांत समुद्रच दिसत होता.

पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने निघालो. दूधसागर अंधारात कधी मागे गेला ते कळलंही नाही, इतका गाढ झोपलो होतो. ती माझी आठवड्यातली शेवटची सलग झोप. मडगावहून कदंबा बस पकडून फोंड्याला पोचलो, तर घराची वसरी लंगोट, झबली आणि दुपट्यांनी आरपार भरलेली. वाकून, दोन लंगोट कपाळाला लावून घेतच आत गेलो.

'दादा, आधी हात धू,' ताईने स्वागत केलं. धुतलेल्या हातांत लगेच एक बाळ ठेवलं गेलं. 'हा थोरला.' थोरला म्हणजे चार मिनिटांनी थोरला. दोघंही दहा आठवड्यांचे आणि हुबेहूब सारखे. नावं बारशालाच ठेवलीत, पण घरात वापर थोरला-धाकटा एवढाच. ओळखायची खूण एकच: थोरल्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश. अशा जुळ्यांचे बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात. पण पहाटे तीन वाजता ठसे घेणार कोण?

मी पडलो हिशेबाचा माणूस. पहिल्याच संध्याकाळी वही घातली. एकेकाला दिवसातून आठ वेळा दूध, म्हणजे सोळा. पाजण्यापासून ढेकर निघेपर्यंत सरासरी चाळीस मिनिटं. सोळा चाळीस सहाशे चाळीस, म्हणजे दहा तास चाळीस मिनिटं. त्यावर वीसेक डायपर. मग भाणात पाणी तापवून दोन आंघोळी, शेगडीवर दोनदा ओव्याची धुरी, आणि शेजारच्या काकूंना रोज एकदा 'नको हो, वर्षाचे होईपर्यंत मध नको म्हणालेत डॉक्टर' हे समजावणं. काकू 'आमी म्होंव चाटूनच व्हड जाले' म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली घेऊन यायच्या.

ही वही तीन रात्रींत कोसळली. पहाटे झिरोच्या दिव्यात 'थो. ६० मिलि' लिहून खाली ठेवलेल्या बाळाचं दुपटं सोडलं, तर अंगठा कोरा. म्हणजे धाकट्याला दोनदा पाजलं होतं. त्याने ती दुसरी खेप माझ्या खांद्यावर परत केली आणि समाधानाने झोपला. उपाशी थोरल्याने मग जो टाहो फोडला, तो ऐकून आई काठी टेकत आली. 'वहीत बघू नको, बाळाकडे बघ,' म्हणाली. पहाटे कशीबशी शांतता झाली. डोळा लागणार तोच गेटाशी पोदेर, म्हणजे पाववाला, आला. सायकलच्या भोंग्याचं ते पों-पों मला एरवी फार आवडतं, गोव्याची सकाळ म्हणून त्याच्याबद्दल मी पुण्यात भावुक होऊन बोलतोही. त्या दिवशी मात्र पोदेराला चार पोयांचे पैसे देताना मी त्याच्याकडे जे पाहिलं, ते त्याने मनावर घेतलं असावं. दुसऱ्या दिवशी भोंगा दोन घरं अलीकडेच थांबला.

लसीचा दिवसही माझ्याच वाट्याला आला. दीड महिन्याची झाली होती, ही अडीच महिन्यांची. आरोग्य केंद्रात थोरल्याच्या मांडीत सुई गेली तसा तो किंचाळला. मांडीवरच्या धाकट्याने सुई दिसायच्या आधीच ॲडव्हान्स भरला. नर्सबाई म्हणाल्या, 'ह्याला अजून दिलीच नाही हो!' मी म्हटलं, 'माहितेय, पण दोघांचं खातं जॉइंट आहे.'

पण खरी परीक्षा पाचव्या दिवशी दुपारी दीडला. डायपर संपले. लंगोट होते, पण चार दिवस पाऊस थांबला नव्हता आणि वसरीतला एकूणएक लंगोट हाताला गारच लागत होता. छत्री घेऊन बाजारात, तिस्कावर धावलो. पहिलं दुकान बंद, दुसरं बंद, औषधांच्या दुकानाचंही शटर खाली. पुण्यात मी या दुपारच्या झोपेची बाजू घेऊन भांडलोय. माणसाने जेवून वामकुक्षी करावी, गोवेकराला जगायचं कळतं वगैरे. त्या शटरापुढे भिजत उभा राहिल्यावर माझी मतं झपाट्याने बदलली. पायरीवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, 'सगळे न्हिदल्यात रे. चारांक ये.' अख्खा फोंडा झोपला होता, फक्त आमच्या घरातले दोघे सोडून.

शेवटी एका गल्लीत अर्धं शटर वर दिसलं. आत वाकून म्हटलं, 'डायपर आहेत?' आतून, बहुधा आडव्या माणसाकडून, प्रश्न आला, 'टेप का पँट?' मी गप्प. 'न्यूबॉर्न का स्मॉल?' गप्प. 'वजन किती बाळाचं?' मी विचारलं, 'दोघांचं मिळून सांगू का?' आत बराच वेळ शांतता. मग एक हात बाहेर आला, त्यात दोन पाकिटं होती.

घरी पोचलो तर दोघंही शांत. आईने शेगडीवर टोपली उपडी घालून चार लंगोट वाळवले होते. 'एवढ्या पावसात कशाला गेलास?' म्हणाली.

निघायच्या सकाळी पुण्याला पाठवायला फोटो काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर दोघं. ताईने मोजे काढले, तर नेलपॉलिश निघून गेलेलं. आठ दिवस तेल चोळून न्हाऊ घालणारा मीच. ताई नेलपॉलिशची बाटली उघडून बसली, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत. 'दादा, यातला थोरला कुठला?'

मी वहीकडे हात नेला आणि मागे घेतला. शेवटी ताईने स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, 'आई गं, थोरला कुठला?'

'एवढं कळत नाही?' आतून आईचा आवाज आला. 'रडतोय तो धाकटा.'

दोघंही रडत होते.