सचिवसाहेब, समोसे किती सांगितलेत?

सोसायटीचे सचिव झालात, अभिनंदन. म्हणजे निवडीच्या वेळी तुम्ही एकतर गैरहजर होतात, नाहीतर पंखा वाढवा म्हणून हात वर केला होतात. आता 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, म्हणून तुम्ही उपविधींचं पुस्तक वाचायला काढलंय असं वॉचमनकडून कळलं. ठेवून द्या ते. त्यात 14 दिवसांची नोटीस आहे, गणसंख्या आहे, इतिवृत्त आहे; समोशाबद्दल चकार शब्द नाही. लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही सभा घेतलेली नसणार.

गणसंख्या म्हणजे सभेला हजर हवेत इतके किमान सभासद (कोरम): एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा 20, यातला जो आकडा कमी असेल तो. सभा साडेदहाची. साडेदहाला हजर कोण? तुम्ही, खजिनदार आणि खुर्च्या मांडणारा वॉचमन. घाबरू नका. नोटिशीच्या तळाशी छापलेलंच असतं की गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा त्याच जागी अर्ध्या तासाने भरेल आणि तेव्हा गणसंख्येचं बंधन राहणार नाही. हा अर्धा तास कायद्याने दिलेला आहे असा लोकांचा समज आहे. तो समोसे यायला लागतो. अकराला रिक्षा गेटातून आत शिरते, वास जिन्याने वर चढतो, आणि दोन वर्षं मेंटेनन्स थकवलेले सभासदसुद्धा अंघोळ करून खाली येतात.

आता खरेदी. आदल्या दिवशी फोनवर ऑर्डर देऊन मोकळे होऊ नका, सकाळी स्वतः दुकानात जा. कारागीर मैद्यात तेलाचं मोहन चोळत असेल, मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. मग घट्ट गोळा, लांबट पुरी, सुरीने मधोमध दोन भाग, कडेला पाण्याचं बोट आणि एका झटक्यात द्रोण. सारणाचा बटाटा हाताने फोडलेला हवा, किसलेला नको. हे सगळं झाल्यावर समोसा मंद तेलात निवांत पडून राहायला हवा. तुम्ही "लवकर द्या हो, सभा आहे" म्हणालात की तो आच वाढवतो, पारीवर फोड येतात आणि आतली घडी कच्ची राहते. कच्ची घडी 403 वाल्यांच्याच वाट्याला येते, हा नियम आहे.

तळणीच्या तेलाबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम कडक आहे: तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात साठणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद. तुमच्याकडे ते मोजायचं यंत्र नाही. म्हणून, कढईत बुडवलेला झारा दिसेनासा झाला तर दुसरं दुकान गाठा, असं मी सांगणार होतो. पण सगळ्या सोसायटीला त्याच कढईतले समोसे आवडतात. वर्तमानपत्रात बांधून आणू नका, शाई पोटात जाते असं तेच प्राधिकरण सांगतं. गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालाच्या न वाचलेल्या प्रती पडून आहेत, त्याही वापरू नका. शाई तिथेही आहेच, आणि आकडे तर त्याहून वाईट.

किती सांगायचे? 48 फ्लॅट म्हणून 48 सांगणारा सचिव पुढच्या वर्षी सचिव राहत नाही (हा तुमचा हेतू असेल तर जरूर 48 सांगा). "मिस्टर ऑफिसला गेलेत, त्यांचा एक बांधून द्या" हे वाक्य त्या दिवशी किमान नऊ वेळा ऐकाल, रविवार असला तरी. सभासद गुणिले दीड, अधिक वॉचमन, हे सूत्र धरा. आणि कमी पडलेच तर चौकशी समिती नेमू नका. 2024 साली हिमाचलात मुख्यमंत्र्यांसाठी आणलेली समोशांची तीन खोकी सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या पोटात गेली, तर चक्क सीआयडीने चौकशी केली आणि अहवालात "सरकारविरोधी" कृत्याची भाषा आली. ते राज्य आहे, त्यांना परवडतं.

"समोसा कशाला? आपला बटाटेवडा मागवा" असं म्हणणारे एक काका असतात. त्यांना वाद घालू द्या, अर्धा तास सहज निघतो. मग सांगा की समोसा बाहेरचा हे खरंच. मध्य आशियाकडून आला. चौदाव्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने तुघलकाच्या दरबारात खाल्ला तो खिमा, बदाम, पिस्ते भरून तुपात तळलेला होता. 1500 च्या आसपास माळव्यातल्या मांडूच्या सुलतानाच्या पाककृतींच्या पोथीत तर समोसे करतानाचं चित्रही आहे. बटाट्याचा तेव्हा पत्ताच नव्हता. तो पोर्तुगिजांनी आणला, नावासकट. पावही त्यांचाच, मिरचीही त्यांचीच. म्हणजे काकांच्या आपल्या वडापावात आपलं उरलं बेसन आणि अभिमान. उलट पोर्तुगिजांनी गोव्यातून समोसा उचलला आणि लिस्बनमध्ये ते तो आजही "शामुसा" म्हणून खातात. काका यावर गप्प बसणार नाहीत, पण दोन समोसे खातील.

आरोग्यवाल्या ताई मोबाईल पुढे करतील: "नागपूरच्या एम्समध्ये बोर्ड लागतायत, सिगारेटसारखा इशारा!" 2025 च्या जुलैतली ही गोष्ट. बोर्ड साखर-तेलाची माहिती देणारे, कार्यालयांसाठी होते. ठेल्यावरच्या समोशावर इशारा छापायचा नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो वाचून दाखवा. ताई सुटकेचा श्वास सोडतील आणि चटणी मागतील. जैन कुटुंबांसाठी कच्च्या केळ्याचे वेगळे सांगा, त्यांच्या खोक्यावर खूण करा, आणि ते खोकं आधी संपतं हे गृहीत धरा.

आता मुख्य कौशल्य. समोसे आल्या आल्या वाटू नका. टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवा, झाकण अर्धवट उघडं. त्या दहा मिनिटांत मागच्या सभेचं इतिवृत्त, ताळेबंद आणि लेखापरीक्षकाची नेमणूक कुणी "पण" म्हणायच्या आत पार पडते. लिफ्ट बदलायची वर्गणी मात्र यात घुसवू नका, उपाशी माणूस पैशाला विरोध करतो. तिच्यासाठी वाटप सुरू होऊ द्या. एका हातात समोसा, दुसऱ्यात चिंचेच्या चटणीचा ठिबकणारा द्रोण, तोंडात गरम बटाटा. तेव्हा उभे राहा आणि शांतपणे विचारा, "फ्लॅटमागे 40 हजार. विरोधात असतील त्यांनी हात वर करावा."

चटणी सांडेल या भीतीने एकही हात वर जात नाही. लिहून घ्या: एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी 403 चं लेखी पत्र येईल. लिफ्टबद्दल नसेल. समोशाची घडी कच्ची होती, आणि सोबतची तळलेली मिरची त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही.